बोर्ड मारणाऱ्या माणसानं केलेला पेठेतला हेरिटेज वॉक – साडेतीन स्टार

पहिलंच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हा कोण टिकोजीराव. माझा धंदा बोर्डाचा. फ्लेक्स, ग्लो साइन, एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या शीटवर एलईडीची अक्षरं, सगळं करतो, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत गाळा आहे. म्हणजे जुन्या पेठेतल्या इमारतींची तोंडं झाकायचं काम गेली वीसेक वर्षं माझ्यासारख्यांनीच केलंय, आणि रविवारी पहाटे साडेसहाला माणशी तीनशे रुपये मोजून मी त्याच इमारती बघायला गेलो. पोरीनं बुक केलं होतं. मी म्हटलं अगं मला काय दाखवणार हे लोक, मी त्या प्रत्येक इमारतीवर शिडी लावून चढलोय. तर म्हणाली, पप्पा चढलायसा, पण बघितलंय कुठं. मग काय, गेलो.

वॉक घेणारी दोन पोरं आहेत, एक मुलगा एक मुलगी, दोघंबी आर्किटेक्चरची. नावं टाकत नाही कारण थोडं वाईटबी लिहिणार आहे आणि पोरं गुणी आहेत. आम्ही चौदा जण. पुण्याचं एक जोडपं, एक रिटायर्ड गुरुजी, चार कॉलेजची पोरं, आणि बाकी आपलीच गावातली. म्हणजे चौदातले निदान निम्मे कोल्हापुरातलेच, हे मला नवलच वाटलं.

साडेसहा म्हणजे सव्वासात. हे पहिलं वजा. कोल्हापुरी माणूस सकाळी म्हशीच्या धारेचं ताजं दूध पिऊन मोकळा झालेला असतो, त्याला पाऊण तास बिंदू चौकात उभं करू नका बाबांनो.

सुरुवात बिंदू चौकातनं. इथली तटबंदी आपण रोज बघतो, पण ती कशाची हे विचारलं तर निम्मे लोक म्हणतील जेलची भिंत. ती जुन्या शहराच्या कोटाची आहे. गंगावेस, रंकाळावेस ही नावं तेवढी तोंडात राहिली, वेशी गेल्या, आणि तटाचा हा तुकडा राहिला. चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे आहेत ते १९५० साली बसवलेत, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. हे पुण्याच्या जोडप्याला माहीत नव्हतं, त्यांनी फोटो काढले. आमच्यातल्या दोन कॉलेजच्या पोरांनाबी माहीत नव्हतं, ती गप्प बसली.

तिथनं भवानी मंडप, नगारखाना, राजाराम हायस्कूल, आणि पुढं करवीर नगर वाचन मंदिर. वाचन मंदिर १८५० चं. एवढी जुनी लायब्ररी आपल्या गावात आहे, आणि मी तिच्या दारात आयुष्यभर गाडी लावत आलोय. नगारखान्याजवळ वॉकवाल्या मुलीनं दगड कसा घडवलाय, नुसता काळा दगड, दोन दगडांच्या मध्ये सांधा किती बारीक, हे हात लावून दाखवलं. चांगलं सांगितलं. खासबाग कुस्ती मैदानाकडं नेलं नाही, पण शेजारच्या पॅलेस थिएटरबद्दल उभ्याउभ्या बोलली. शाहू महाराजांनी १९१३ ला काम काढलं, १९१५ ला थिएटर उघडलं, नंतर त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री ते जळलं. त्यावर कुणी काही बोललं नाही. त्या रात्री आम्ही सगळे लांब उभं राहून बघत होतो, माणसं रडत होती. तेव्हापासून मी जुन्या लाकडी माडीवर बोर्डाची वायर टाकताना दोनदा तपासतो, आधी तपासत नव्हतो, खरं सांगतो.

आता मूळ मुद्दा. भवानी मंडपापर्यंतचा वॉक कुठल्याबी गाइडबुकात मिळंल. खरी मजा गुजरीत शिरल्यावर चालू होते आणि महाद्वार रोडवर रंगात येते. कारण तोपर्यंत आठ वाजलेत, दुकानं बंद, शटरं खाली, रस्त्यावर फक्त झाडूवाल्या मावश्या आणि अंबाबाईला निघालेले लोक. महाद्वार रोडवर दिवसा मान वर करायची सोय आहे का? मान वर केली की मागनं कुणाची तरी पिशवी, पुढनं कुणाची तरी स्प्लेंडर. सकाळी आठला मात्र रस्ता रिकामा असतो, आणि मुलगी म्हणाली, आता सगळ्यांनी बोर्डाच्या वर बघायचं, खाली अजिबात बघायचं नाही.

बोर्डाच्या वर. मी मनात म्हटलं आलं आता आपल्यावर.

पण खरंच काय काय आहे वर! लाकडी सज्जे, त्यांना कोरीव कठडे, एका ठिकाणी बिडाची जाळी, तिला इतके रंग चढलेत की नक्षी पार बुजलीय. मंगलोरी कौलं. कौलांच्या टोकाला लाकडाची झालर, निम्मी मोडलेली, निम्म्यात पारव्यांनी संसार मांडलेला. खाली चकाचक साडीचं दुकान, काच, एसी, आणि वर माडीच्या खिडकीला अजून ती आडवी लाकडी फळ्यांची पट्टी, दोरी ओढली की उघडझाप होणारी. आणि त्याच्या शेजारची इमारत त्याच्यानंतर तीसचाळीस वर्षांनी बांधलेली, सिमेंटची, कोपरा गोल केलेला, वर आडव्या तीन रेघा काढल्यात आणि मधी मालकाचं नाव उठावाच्या अक्षरात. ही सिमेंटातली अक्षरं बघून मला आमच्या वडलांची आठवण आली. वडील ब्रशवाले. कोल्हापुरात पेंटर म्हणजे नुसता धंदा नव्हता, मान होता. अहो बाबूराव मेस्त्रींना नाटकाचे पडदे रंगवत रंगवत लोक बाबूराव पेंटर म्हणायला लागले आणि आडनावच ते झालं, मग पुढं सिनेमा. वडील म्हणायचे, अक्षर भिंतीला बघून काढायचं असतं, भिंत किती रुंद, खिडकी कुठं, माणूस कुठनं येणार. आम्ही काय करतो, दुकानाची रुंदी टेपनं मोजतो, उंची मालक सांगतो तेवढी, आणि मालक कायम एक फूट जास्तच सांगतो. शेजाऱ्याचा चार फुटी तर आपला पाच फुटी. असं करत करत पहिला मजला गायब.

ही वॉकवाली पोरगी मात्र हुशार. नुसतं बोर्ड वाईट, बोर्ड वाईट करत बसली नाही. बोर्डामागं भिंतीचं काय होतं ते सांगितलं. आता हे मला प्रत्यक्ष माहीत आहे, रोजचं काम आहे, पण असं एका धाग्यात कुणी सांगितलं नव्हतं. जुनी भिंत विटेची आणि चुन्याची. चुना पाणी पितो आणि सोडतो. आपल्याकडं पावसाळा चार महिने चिंब, भिंत भिजते, पुढं ऊन लागलं की वाळते. तिच्या तोंडावर तुम्ही एसीपीची शीट मारली की वारा बंद, वाळायचं बंद. त्यात कुणीतरी चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा केलेला असतो, झालं, पाणी आत अडकलं. मग वीट आतनं मऊ होते. आम्ही बोर्ड बदलायला जुना काढतो ना, तेव्हा मागं शेवाळ, वाळवी, आणि विटेचा लाल भुगा ढिगानं खाली येतो. आणि लोखंडी अँगल गंजला की फुगतो, गंज मूळ लोखंडापेक्षा जागा जास्त घेतो, तो आतनं दगडाला चिरा पाडतो. मी मान हलवत होतो तर म्हणाली, काका तुम्हाला माहितीय वाटतं. पोरगी माझी हसायला लागली. मी म्हटलं, होय बाळ, थोडं थोडं.

मग मीच तोंड उघडलं, म्हटलं पुढचं मी सांगतो. चुन्यातल्या विटेत ड्रिल मारला की स्क्रू बसवायचा रावळप्लग धरतच नाही, नुसता भुगा. मग कारागीर काय करतो, जिथं पकड मिळंल तिथं भोक पाडतो. आणि पकड मिळते कुठं, दगडाच्या कमानीत, खिडकीच्या घडीव चौकटीत, सिमेंटातल्या त्या उठावाच्या कामात. म्हणजे इमारतीतलं जे सगळ्यात चांगलं, तेच आम्हाला सगळ्यात सोयीचं. सगळे गप्प. गुरुजी म्हणाले, हे मात्र पुस्तकात नाही. वॉकचे तीनशे वसूल झाले असं मला तिथं वाटलं, जरी ते मीच सांगितलं असलं तरी.

आता तक्रारी. मुलगा सारखं पेशवाई शैली पेशवाई शैली म्हणत होता. लाकडी खांब दिसला की पेशवाई, देवळी दिसली की पेशवाई. अरे भावा, हे करवीर आहे. ही ताराराणींची गादी. १७३१ च्या वारणेच्या तहानं सातारा वेगळं, कोल्हापूर वेगळं, पेशवे साताऱ्याकडचे, आणि इथं येऊन पेशवाई म्हणतोस? महाद्वार रोडवर उभं राहून? बिनखांबी गणपतीसमोर? पुण्याच्या जोडप्यालाच अवघडल्यासारखं झालं. ह्याचा अर्धा स्टार गेला, वाद नाही. दुसरं, माइक. गळ्यात अडकवायचा बारका स्पीकर होता, तो पापाच्या तिकटीला मेला. पुढं ओरडून सांगायला लागली बिचारी, आणि तोपर्यंत गाड्या चालू झाल्या होत्या, मागच्या पाचसहा जणांना काही ऐकू आलं नसणार.

तिसरं म्हणजे बाथरूम. अडीच तासाच्या वॉकमध्ये एक सोय नाही, वयस्कर माणसांनी काय करायचं, गुरुजींना मी ओळखीच्या एका लॉजमध्ये नेऊन आणलं.

माळकर तिकटीवरनं महापालिकेसमोरून सीपीआर हॉस्पिटल आणि शेवटी टाऊन हॉल. इथं पोरांनी लय वेळ घालवला. मान्य आहे, इमारत देखणी आहे, १८७२ ला चालू केली १८७६ ला पुरी झाली, मेजर मँटनं डिझाइन केलेली, त्यानंच पुढं नवा राजवाडा केला, सीपीआरची जुनी दगडी इमारतबी त्याचीच, तेव्हा तिला अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणायचे. कमानी, टोकदार छप्पर, सगळं सांगितलं. पण गॉथिक हा शब्द मी बारा वेळा मोजला. आणि आत म्युझियममध्ये गावातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेला ग्रीक समुद्रदेवाचा रोमन ब्राँझचा पुतळा आहे, पोसायडन, एवढासा, हातात मावंल असा. दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा माल पंचगंगेच्या काठाला येत होता, व्यापारी पेठ म्हणून ह्याच्यापेक्षा मोठी गोष्ट काय सांगणार. पण वॉक संपतो नऊ-साडेनऊला आणि तेव्हा म्युझियम उघडलेलंच नसतं. मग वॉक उशिरा काढा की! तेबी जमत नसलं तर निदान बाहेर उभं राहून त्या पुतळ्याचा फोटो तरी दाखवा. ते बागेतल्या तोफांजवळ पोरांचे रील्स काढत बसले.

आणि सगळ्यात मोठी तक्रार, हा वॉक पेठेचा म्हणून विकतात आणि खऱ्या व्यापारी पेठा त्यात नाहीतच. शाहूपुरी नाही, लक्ष्मीपुरी नाही. मी लक्ष्मीपुरीचा आहे म्हणून बोलत नाही. बघा, रेल्वे आली १८९१ ला. त्याच्या आधी गुळाच्या ढेपा बैलगाडीनं जायच्या. रेल्वे आली, स्टेशन गावाबाहेर, मग शाहू महाराजांनी १८९५ ला स्टेशनाच्या बाजूला गुळाची पेठ वसवली, ती शाहूपुरी. म्हणजे गुळासाठी गाव तिकडं सरकलं. मग धान्याची लक्ष्मीपुरी, मग राजारामपुरी, गल्ल्या नंबर टाकून आखलेल्या. जुन्या गावात बोळ जिकडं वळंल तिकडं घर, आणि इथं दोरी लावून सरळ रस्ते, कारण गाडी आत शिरून माल उतरला पाहिजे. इमारतसुद्धा त्याच हिशोबाची. खाली पुढं पेढी, गादी, मागं वखार, वर मालकाचं घर. दुकानाला शटर नव्हतं, लाकडी फळ्या असायच्या, एकेक फळी खाचेत सरकवायची, आणि फळ्या अदलाबदल होऊ नयेत म्हणून प्रत्येकीवर नंबर. आमच्या गल्लीत अजून एका अडत दुकानाला त्या फळ्या आहेत. ६ नंबरची हरवली म्हणून तिथं प्लायवूड लावलंय आणि त्यावर कुणीतरी खडूनं ६ लिहिलंय. ही गोष्ट गॉथिकपेक्षा भारी आहे की नाही?

तशात शाहूपुरीच्या जुन्या इमारतींनी पूर खाल्लेत. २०१९ ला व्हीनस कॉर्नरला बोटी फिरत होत्या, २०२१ ला परत पाणी. चुन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते. ते दाखवायला न्यायला पाहिजे. मी मुलीला बोललो, ती म्हणाली काका रविवारी लक्ष्मीपुरीत आठवडी बाजार असतो, चौदा माणसं उभी कुठं करणार. हे बरोबर आहे. तिथं रविवारी उभं राहायला जागा मिळाली तर भाजीवाली मावशी पाव किलो कोथिंबीर हातात देऊनच सोडणार. मग शनिवारी काढा एखादा. बघू म्हणाली.

एक प्रश्न पुण्याच्या बाईंनी विचारला, एवढ्या सुंदर इमारती मालक दुरुस्त का करत नाहीत. मुलानं जनजागृती वगैरे उत्तर दिलं. जनजागृतीचा काही संबंध नाही ताई. खालचा भाडेकरू आजोबांच्या काळापासनं आहे, पागडी देऊन बसलेला, भाडं इतकं कमी की त्यात मालकाची वर्षाची घरपट्टीबी निघत नाही. मालक म्हणतो मी का खर्च करू. भाडेकरू म्हणतो मालकाची इमारत, मी का करू, आणि वर काम काढलं तर मलाच बाहेर काढतील. वरच्या मजल्यावर सात भावांची नावं प्रॉपर्टी कार्डावर, त्यातले दोन मुंबईला, एक अमेरिकेत, सही कोण करणार. मग कौल फुटलं की ताडपत्री, ताडपत्री फाटली की पत्रा. आणि पत्रा दिसू नये म्हणून मोठा बोर्ड. तिथं मी येतो.

आता उपयोगाची माहिती. बुकिंग व्हॉट्सॲपवर, पैसे आधी द्यायचे, दहा वर्षांखालच्या पोरांना फुकट. चहा त्यांच्याकडनं, चांगला होता, मिसळ आपल्या पैशानं आणि ती वॉक झाल्यावरच खा, आधी खाल्ली तर टाऊन हॉलपर्यंत पाय ओढवत नाहीत. चप्पल घालून या, बूट नको, मध्ये दोनदा काढायला लागतात. गाडी लवकर येऊन बिंदू चौकाच्या पार्किंगला लावा, नऊनंतर देवीच्या गर्दीत गाडी काढणं म्हणजे कुस्तीच. पावसाळ्यात जाऊ नका, वर बघून चालायचंय आणि खाली खड्डे. कोल्हापूरच्या लोकांनी आवर्जून जा, बाहेरच्यांपेक्षा जास्त. पाच पैकी साडेतीन. पेशवाई बंद केली आणि शाहूपुरी घेतली तर साडेचार द्यायला मी येईन परत.

आणि एक राहिलं. भाऊसिंगजी रोडवर एक कापड दुकान आहे, दुकानाचं नाव सांगत नाही, गिऱ्हाईक आहे माझं. त्याच्यासमोर मुलीनं सगळ्यांना थांबवलं. इमारतीच्या कपाळावर सिमेंटात एक पट्टी, वेलबुट्टी, आणि तिच्यात साल उठावात काढलेलं. म्हणाली, वाचा. सगळ्यांनी वाचलं, एक, नऊ, तीन, आणि पुढं माझ्या बोर्डाच्या फ्रेमचा अँगल. शेवटचा आकडा अँगलखाली. मुलगी म्हणाली, त्यामुळं ही इमारत १९३० ची आहे का ३९ ची हे आम्हाला सांगता येत नाही. लोक हसले. माझ्या पोरीनं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं, जे करायचं नव्हतं ते.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी शिडी घेऊन गेलो. शेठना म्हटलं बोर्डाचा सपोर्ट चेक करायचाय, पैसे नको. अँगल सोडवला, फ्रेम दुसरीकडनं धरून ठेवायला पोरगा उभा केला. अँगल बाजूला सरकवला आणि बघतो तर आकडा नाही. तिथं बारा एमएमचं भोक, आणि भोकाच्या भोवती थोडीशी गोलाई राहिलेली, वरच्या बाजूला. ती तीनची असंल, आठची असंल, नऊची असंल, दोनचीबी असंल. भोक मीच मारलेलं, २०११ ला, पकड चांगली होती तिथं. खालनं शेठ विचारतायत, काय झालं हो, सपोर्ट ठीक आहे ना. मी म्हटलं ठीक आहे शेठ, तुमच्या आजोबांनी इमारत कुठल्या साली बांधली? ते म्हणाले, वर लिहिलंय की.